वैयक्तिक कारणांमुळे

ॲन आर्बरच्या बसमध्ये एकदा सरांचा बूट एका बाईंच्या पायावर पडला. अमेरिकेत अशा वेळी दोन्हीकडून सॉरी येतं. ज्याचा पाय तुडवला गेला तोही सॉरी म्हणतो. सर म्हणाले नाहीत. त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली, बाईंकडे नीट बघितलं आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं, मी आत्ता तुमचा पाय तुडवला. बाई दचकल्या आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी शेजारीच दांडा धरून उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणायला काय जातं, असं मी कुजबुजले, तर म्हणे, सॉरीमध्ये काय घडलं ते कुठे असतं? मी केलं ते सांगितलं. आता त्यांना रागवायचं असेल तर त्यांनी खुशाल रागवावं. त्यानंतर उतरेपर्यंत ते खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसले, आणि मी सगळ्या बसकडे पाहून ओशाळवाणी हसत राहिले.

हा माणूस आम्हाला जनसंपर्क शिकवायचा! म्हणजे कंपन्या, शाळा, सरकारी खाती लोकांशी कशी बोलतात, चूक झाली की काय म्हणतात, काय म्हणायचं टाळतात, हा विषय. सर मूळचे नागपूरचे. तिकडे काही वर्षं वर्तमानपत्रात काढली, मग इथे येऊन शिकले, एका कारखान्याचे प्रवक्ते झाले आणि तिथून विद्यापीठात आले. प्रवक्तेपद का सोडलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काहीतरी भानगड असणार, असं माझं पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. मी पुण्याची. आमच्याकडे दुधाची पिशवी आली की आई आधी ती उलटी करून बघते, मग दूधवाल्याकडे बघते. संशय मी घरून घेऊन गेले होते, सरांनी मला त्यात पदवी मिळवून दिली एवढंच.

वर्गात दर आठवड्याला कुणीतरी एक निवेदन घेऊन यायचं. सर ते पडद्यावर लावायचे आणि म्हणायचे, चला, मढं बाहेर काढा. म्हणायचे इंग्रजीतच, पण मला ते आपल्या भाषेतच ऐकू यायचं. मग चिरफाड सुरू. एका विमान कंपनीनं लिहिलं होतं, प्रवाशांची सुरक्षितता हे आमचं पहिलं प्राधान्य आहे. सरांनी चष्मा पुसत विचारलं, दुसरं कोणतं? पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी पूर्ण तास आम्हाला त्या कंपनीची बाकीची प्राधान्यं शोधायला लावली, आणि तास संपेपर्यंत सुरक्षितता बिचारी कुठल्या कुठे खाली गेली होती. त्यानंतर सुट्टीत पुण्याला जाताना विमानात मला डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यांचे प्रश्न दोनच. कोण म्हणालं, आणि आत्ताच का म्हणालं. कशालाही हेच. वर्गात कुणी म्हटलं की उद्या बर्फ पडणार आहे, तरी हेच. सुरुवातीला वैताग यायचा. मग सवय लागली, आणि सवय लागली की माणूस कामातून जातो. मैत्रिणीनं माझा ड्रेस छान आहे म्हटलं तरी माझ्या मनात यायचं, आत्ताच का म्हणाली?

इंडियन स्टोअरचा मालक त्यांना टरकून असायचा. मेथीवर 'फ्रेश' अशी पाटी दिसली की सर जुडी नाकाशी धरून विचारायचे, ही कधी आली? मालक म्हणायचा, आजच. सर मेथीकडे बघायचे, मालकाकडे बघायचे, आणि काही न बोलता उभे राहायचे. शेवटी मालकच म्हणायचा, शुक्रवारी आली काका, घेऊ नका. घरीही तेच. एकदा जेवायला आलेले एक गृहस्थ काकूंना म्हणाले, भाजी फारच सुरेख झालीये. सर म्हणाले, कोणती? तुम्ही ताटात तशीच ठेवली आहे ती? काकूंनी कपाळाला हात लावला. ते गृहस्थ पुन्हा त्या घरी आले नाहीत.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात कामाला, आवाज मऊ, हात सढळ. पहिल्या हिवाळ्यात मी आजारी पडले तेव्हा त्यांनी सरांच्या हाती डबा पाठवला, आणि मग दर शुक्रवारी मला जेवायला बोलवायला लागल्या. पाटोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, वर निघताना बरोबर द्यायला वेगळा डबा. आता परदेशात कुणी एवढं करतं का, तुम्हीच सांगा. मला वाटलं, सरांना फुकटात काम करणारी मुलगी हवी असेल. महिना गेला, दोन महिने गेले, काम कुणी सांगेना. मी फोनवर आईला हे सांगितलं, तर ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "त्यांना मुलगा आहे का लग्नाचा?"

होता ना! हॉलमध्ये फोटोच होता. उंच, हसरा, ओहायोमधल्या डब्लिनला एका मोठ्या कंपनीत नोकरीला. झालं. त्यानंतर काकूंची प्रत्येक पाटोडी मला बघण्याच्या कार्यक्रमासारखी वाटायला लागली. काकूंनी विचारलं, तुला स्वयंपाक येतो का गं? मी लगेच म्हटलं, मुळीच नाही. सरांनी विचारलं, शिक्षण झाल्यावर कुठे राहायचा विचार करून राहिली? मी म्हटलं, भारतात परत जाणार. धडधडीत खोटं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी मनात म्हटलं, पकडलं.

पुढच्या जानेवारीत ही आमंत्रणं अचानक बंद झाली. ना फोन, ना डबा. एका शुक्रवारी मीच फोन केला तर काकू म्हणाल्या, थोडं काम आहे गं, मग बघू. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आईचं म्हणणं पडलं, दुसरी मुलगी मिळाली असेल. मलाही ते पटलं.

त्याच सुमारास सरांनी वर्गात आमच्याच विद्यापीठाचं मढं बाहेर काढलं. विद्यार्थ्यांची एक स्वस्तातली राहायची इमारत बंद करत होते, आणि त्याबद्दलच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की विद्यार्थ्यांचा अनुभव समृद्ध करण्यासाठी हा निर्णय घेतला आहे. सरांनी विचारलं, ज्यांना घर सोडायचं आहे त्यांच्यातलं कोण समृद्ध होणार आहे? वर्गातल्या कुणीतरी हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून नेटवर टाकलं आणि ते गावभर झालं. सरांना डीनकडून बोलावणं आलं, असं ऐकलं. कोण म्हणालं ते ठाऊक नाही, पण ऐकलं खरं.

आणि दोनच आठवड्यांत विभागाचा ईमेल आला. सर वैयक्तिक कारणांमुळे विद्यापीठ सोडत आहेत, उरलेलं सत्र दुसरे प्राध्यापक घेतील.

आता हे वाक्य आम्हाला पाठवायचं म्हणजे कमालच म्हणायची. 'वैयक्तिक कारणांमुळे' यावर सरांनी अख्खा तास घेतला होता. हे दोन शब्द दिसले की कुदळ घ्या आणि खणायला लागा, असं त्यांनीच सांगितलं होतं. खाली हमखास काहीतरी पुरलेलं असतं. आम्ही कुदळी घेतल्या. म्होरक्या होता रोहन. माझ्याच वर्गातला, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत वाढलेला, आईवडील साताऱ्याकडचे. याचं मराठी काका, काकू आणि भूक लागली एवढ्यावर संपतं, पण डोकं तेज आणि सरांवर जीव. त्यानं सगळं जुळवून दाखवलं. आधी ती इमारत, मग ते रेकॉर्डिंग, मग डीन, मग हा ईमेल. इतकं चपखल बसत होतं की शंकेला जागाच नव्हती. सह्यांची मोहीम निघाली. खांबाखांबावर सरांच्या फोटोची पोस्टरं लागली. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राची मुलगी तर सरांच्या घरी जाऊन बेल वाजवून आली. दार कुणी उघडलं नाही, म्हणजे त्यांच्यावर न बोलण्याचा दबाव आहे, असं तिनं छापलं. मग ठरलं की शनिवारी सगळ्यांनी सरांच्या घरासमोर जमायचं आणि त्यांनी बाहेर येऊन खरं सांगेपर्यंत हलायचं नाही.

सरांनी विभागामार्फत आणखी एक ओळ पाठवली. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही, कारण खरोखर वैयक्तिक आहे, कृपया थांबा. रोहननं ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हणाला, हे त्यांच्याकडून लिहून घेतलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. कारण सर कधी कुणाला 'कृपया' म्हणत नसत.

रोहन मला म्हणाला, "यू गो, यार. तुला ते मराठीत सांगतील." म्हणून शुक्रवारी दुपारी मी सरांच्या घरी गेले. मनात म्हटलं, बघूच काय लपवतायत.

बेल वाजवली. आत काहीतरी धडधडत जिना चढून गेल्याचा आवाज झाला, मग वर दार लागलं. बऱ्याच वेळानं काकूंनी दार उघडलं, तेही अर्धंच. मला बघून त्या ये आत म्हणाल्या नाहीत. मराठी घरातली काकू दारात उभ्या मुलीला ये म्हणत नाही, म्हणजे पाणी किती मुरतंय बघा! मी त्यांच्या खांद्यावरून आत नजर टाकली. चपलांच्या रॅकमध्ये सरांच्या बुटांशेजारी पुरुषाचेच दुसरे बूट होते, मोठे, महागाचे. माझं डोकं धावायला लागलं. विद्यापीठाचा वकील? डीनचा माणूस?

तेवढ्यात सर आले. दाढी वाढलेली, अंगात स्वेटर उलटा. काकूंना आत पाठवून ते बाहेर पायरीवर आले आणि दार ओढून घेतलं. बाहेर मरणाची थंडी.

"का बरं आली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सर, आम्ही सगळे तुमच्या बाजूनं आहोत, घाबरू नका, डीननं काय केलं ते फक्त मला सांगा. ते म्हणाले, डीननं काही केलं नाही. ती बाई उलट रजा घ्या म्हणत होती. मी म्हटलं, मग आत कोण आहे? त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. मग ते हळूच म्हणाले, बूट काढ, आवाज करू नको, आणि मला आत घेऊन गेले.

जिन्याच्या मध्यावर एक उशी होती. उशीशेजारी ताट, ताटात अर्धा खाल्लेला वरणभात. फोटोतला तो हसरा मुलगा तिथे बसून जेवत होता आणि माझ्या बेलनं उठून पळाला होता.

स्वयंपाकघरात सरांनी मला सांगितलं. डिसेंबरमध्ये एका सकाळी मुलगा ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये पोहोचला आणि गाडीतून उतरलाच नाही. दिवसभर तसाच बसून होता. संध्याकाळी सिक्युरिटीवाल्यानं काच वाजवली. सर गाडी घेऊन डब्लिनला गेले आणि त्याला घरी घेऊन आले. तेव्हापासून तो बोलत नाही. डॉक्टर आहेत, औषधं चालू आहेत. महिनाभर खोलीतून बाहेर आला नाही. मग हळूहळू जिन्यापर्यंत यायला लागला. काकू जवळ बसल्या की त्यांना रडू येतं आणि तो उठून जातो, म्हणून सर बसतात. तो जिन्यावर, सर खाली सतरंजीवर. काही बोलत नाहीत. रजा घेतली तर परत कधी येणार ते विचारतील, आणि ते मला माहीत नाही, म्हणून नोकरीच सोडली, असं सर म्हणाले. बेल वाजली की तो वर पळतो. त्या वर्तमानपत्रवालीनं बेल वाजवली त्यानंतर दोन दिवस खाली आला नव्हता.

मला कसंतरीच झालं. आणि खरं सांगते, त्याही क्षणी मनाच्या कोपऱ्यात आलं की हे एवढंच असेल ना? मला स्वतःचीच किळस आली, पण आलं.

मी म्हटलं, उद्या ते सगळे येणारेत. ढोलकी, भोंगा, सगळं आणणारेत. मी त्यांना खरं सांगते, ते येणार नाहीत. सरांनी मान हलवली. म्हणाले, हे दुखणं त्याचं आहे, माझं नाही, मी ते लोकांत कसं वाटू? आणि सांगितलंस तर काय होईल? चांगली पोरं आहेत. फुलं आणतील, कार्डं आणतील, कुणी केक करून आणेल. प्रत्येक जण बेल वाजवेल.

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग त्यांना पटेल असं काहीतरी सांगा ना."

माझ्या दोन वर्षांत मी त्यांना दुसऱ्यांची निवेदनं फाडतानाच बघितलं होतं, लिहिताना कधी नाही. ते टेबलावरचे भाताचे कण बोटानं गोळा करत राहिले. मग विद्यार्थ्याला उत्तर सांगावं तसे सांगायला लागले. न्यू जर्सीतल्या एका कंपनीनं दुप्पट पगारावर बोलावलं. सत्र संपेपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. विद्यार्थ्यांना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून वैयक्तिक कारण सांगितलं. डीनचा काही संबंध नाही.

"सर, तुम्हाला विकाऊ म्हणतील," मी म्हटलं.

"म्हणू दे. विकल्या गेलेल्या माणसाच्या घरी कोणी येत नाही."

मी म्हटलं, पण हे खोटं आहे. ते म्हणाले, हो, खोटं आहे, आणि मी ते तुला सांगायला लावून राहिलो. मी सांगितलं तर विचारत बसतील. तू आतून काढून आणलंस असं म्हणालीस की पुरे.

मी बूट हातात घेऊन बाहेर आले, पायरीवर घातले आणि कोपऱ्यावरूनच रोहनला फोन केला. सरांनी सांगितलं तसंच सांगितलं, फक्त आवाज खाली आणून, जसं काही मोठ्या कष्टानं कळलं आहे. मग तो म्हणाला, "आय न्यू इट." त्याचा आवाज रडवेला झाला होता. कंपनी कोणती, कुणी सांगितलं, पुरावा काय, एक अक्षर विचारलं नाही. जी पोरं महिनाभर एका खऱ्या वाक्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती, त्यांनी हे संध्याकाळच्या आत गिळलं. शनिवारी त्या घरासमोर चिटपाखरू फिरकलं नाही. सोमवारी पोस्टरंही निघाली. एकावर जाता जाता कुणीतरी सरांच्या चेहऱ्यावर डॉलरचं चिन्ह काढून ठेवलं होतं. मी ते फाडायला गेले आणि मग तसंच राहू दिलं, कारण फाडलं असतं तर का फाडलं म्हणून विचारलं असतं.

मी पुन्हा त्या घरी गेले नाही. जायचं नाही असं ठरलंच होतं. काकू अधूनमधून मेसेज करायच्या, त्यात बहुतेक वेळा नुसता नमस्काराचा हात असायचा. मीही एक हात पाठवायचे.

मे महिन्यात आमचा पदवीदान समारंभ झाला. दुपारी रोहनच्या आईवडिलांनी नदीकाठच्या पार्कमध्ये सगळ्या वर्गाला जेवण दिलं. ऊन छान पडलं होतं, लोक गाऊन काढून गवतावर बसले होते, रोहनचे बाबा ग्रिलवर पनीर भाजत होते. बोलता बोलता विषय सरांवर आला. प्रत्येकाकडे काहीतरी होतंच. कुणी म्हणालं, तत्त्वं शिकवायची आणि चेक दिसला की पळायचं. कुणी त्यांच्या माकडटोपीची नक्कल केली आणि सगळे खदखदून हसले. रोहन हसला नाही. तो म्हणाला, मला वडिलांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त वाटायचं, आणि आता ते कुठे भेटले तर मी ओळखसुद्धा दाखवणार नाही. त्याच्या आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, काय गं, तू तर त्यांच्या घरी जायचीस ना? तुला कधी वाटलं होतं का असे असतील म्हणून?

माझा फोन मांडीवर होता. त्यावर काकूंचा मेसेज येऊन पडला होता. 'आज खाली येऊन टेबलाशी जेवला. ह्यांना म्हणाला, मीठ द्या.'

मी पाण्याचा ग्लास उचलला, घोट घेतला आणि फोन पालथा ठेवला. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो, काकू," मी म्हटलं, "मला पहिल्यापासूनच संशय होता. तो माणूस पैशासाठी काहीही करेल असाच होता."

रोहननं मान हलवली आणि माझ्या ताटात पनीर वाढलं.